स्तनाच्या कर्करोगासाठी अनेक दिवसांची निधी-पदयात्रा : मित्रमैत्रिणींसह प्रथमच चालणाऱ्यांसाठी

स्तनाच्या कर्करोगासाठी निधी उभारणाऱ्या बहुतेक पदयात्रा एका सकाळीच संपतात. काही मात्र दोन-तीन दिवस चालतात आणि त्यांची तयारी सर्वस्वी वेगळी असते. अमेरिकेतील सुझन जी. कोमेन संस्थेच्या ‘थ्री-डे’ पदयात्रेत तीन दिवसांत ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर चालावे लागते. एव्हॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या दोन दिवसांच्या पदयात्रेचे अंतर ३९.३ मैल असे, म्हणजे एक पूर्ण आणि एक अर्धी मॅरेथॉन मिळून होईल तेवढे. चालण्याच्या जोडीला प्रत्येकाने ठरावीक किमान रक्कम जमवणेही अपेक्षित असते. कोमेनच्या पदयात्रेत ही रक्कम अनेक वर्षे २,३०० डॉलर होती.

नवख्या माणसाला धास्ती वाटते ती अंतराची. माझे मत असे आहे की, काही महिने नेमाने सराव केलेला साधारण प्रकृतीचा माणूस हे अंतर पार करतो. गाडी अडते ती दोन ठिकाणी : ओळखीच्या माणसांकडे पैसे मागताना आणि गटातील सर्वांची गती, झोप व अपेक्षा यांचा मेळ घालताना. त्यामुळे पुढे या दोन गोष्टींवर अधिक लिहिले आहे.

नाव नोंदवण्यापूर्वी

नोंदणीचे शुल्क भरण्याआधी संपूर्ण गटाने एकदा समोरासमोर बसावे आणि काही अवघड प्रश्नांची उत्तरे त्याच बैठकीत मिळवावीत. सगळे अंतर प्रत्येकाने चालायचेच आहे, की कोणी मधला टप्पा वाहनाने गेले तरी चालेल? सर्वांनी दिवसभर एकत्र चालायचे, की विसाव्याच्या ठिकाणी भेटत राहायचे? एखादीचा पाय दुखावला, तर तिच्यासोबत कोण थांबणार? हे प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी, दमलेल्या अवस्थेत, भर रस्त्यात उपस्थित झाले, तर त्यांची उत्तरे फारशी प्रेमाने दिली जात नाहीत. गट चार ते सहा जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात कोणीतरी सतत बुटाची नाडी बांधत असते आणि उरलेले उभे असतात.

त्यानंतर आयोजक संस्थेची माहिती घ्यावी. जमा झालेला पैसा संशोधनाला जातो, तपासणी शिबिरांना जातो, की रुग्णांच्या प्रवास, औषधे आणि निवासासाठी खर्च होतो, हे संस्थेच्या वार्षिक अहवालात पाहावे. अनेक दिवसांच्या पदयात्रेत तंबू, जेवण, वैद्यकीय पथक, सामानाची वाहतूक आणि मार्गावरील बंदोबस्त यांवर बराच खर्च होतो आणि तो एका सकाळच्या फेरीपेक्षा साहजिकच जास्त असतो. तो नेमका किती आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण आपला पहिला चोखंदळ देणगीदार आपल्याला तेच विचारणार आहे. नियमावलीतील तीन कलमे तर दोनदा वाचावीत : नोंदणी शुल्क परत मिळते का, किमान रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमली पाहिजे, आणि ती न जमल्यास उरलेले पैसे स्वतः भरावे लागतात का. ही रक्कम प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्रपणे मोजली जात असेल, तर गटातील एकीच्या नावावर जास्त जमलेला पैसा दुसरीच्या खात्यात वळवता येतो की नाही, हेही आधीच ठाऊक असावे.

पैसे मागणे

निधी गोळा करण्याचे काम नोंदणीच्या दिवशीच सुरू करावे आणि पहिली देणगी स्वतःची द्यावी. रिकाम्या पानावर पहिले नाव लिहायला लोक कचरतात. एक-दोन नावे आधीच असली की पुढची सहज येतात.

मग कागदावर यादी करावी. नातेवाईक, जुने वर्गमित्र, आजी-माजी सहकारी, शेजारी, ज्यांच्या कार्याला आपण कधी देणगी दिली होती असे लोक, अशी नावे लिहीत गेल्यास यादी शंभराच्या आसपास सहज पोहोचते. गटाने मिळून चालण्यातली एक अडचण इथेच उद्भवते : सर्वांचे परिचित बहुतांशी तेच असतात. एकाच माणसाला एकाच आठवड्यात पाच जणींची विनंती गेली की तो बिचारा पाचही जणींना टाळू लागतो. म्हणून याद्या एकमेकींना दाखवाव्यात आणि सामाईक नावे वाटून घ्यावीत.

शंभर जणांना एकच संदेश एकदम पाठवणे सोपे असते आणि म्हणूनच ते जवळजवळ निष्फळ ठरते. ज्याला संदेश सर्वांसाठी आहे असे दिसते, त्याला तो आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. प्रत्येकाला नावाने लिहावे, त्याच्याशी असलेल्या ओळखीचे एखादे वाक्य घालावे, आपण किती दिवसांत किती अंतर चालणार आहोत ते सांगावे आणि एक ठरावीक रक्कम सुचवावी. ‘यथाशक्ती द्यावे’ असे लिहिल्याने समोरचा उलट अवघडतो, कारण किती दिले म्हणजे शोभेल याचा विचार त्यालाच करावा लागतो. ‘मी चालणार असलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे एवढे’ असा हिशेब दिल्यास आकडाही मिळतो आणि पदयात्रेची लांबीही लक्षात राहते. देणगी कोणत्या तारखेपर्यंत हवी, हेही स्पष्टपणे लिहावे.

बहुतेक लोक नकार देत नाहीत, ते विसरतात. तीन आठवड्यांनी एक आठवण आणि पदयात्रेच्या आठवडाभर आधी दुसरी, एवढ्यावर थांबावे. तिसऱ्या आठवणीने पैसे क्वचित येतात, नाते मात्र हमखास ताणले जाते. ज्यांनी दिले, त्यांचे आभार दोन दिवसांच्या आत, नावानिशी मानावेत. रोख मिळालेली प्रत्येक रक्कम त्याच दिवशी वहीत लिहावी, तिची पावती मिळवून द्यावी आणि ती घरखर्चाच्या पैशात कधीही मिसळू देऊ नये. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीएवढीच रक्कम स्वतःकडून संस्थेला देतात, परंतु त्यासाठी देणगीदाराला अर्ज भरावा लागतो. हा प्रश्न प्रत्येक नोकरदार देणगीदाराला विचारावा, कारण एका अर्जाने देणगी दुप्पट होऊ शकते.

मजकूर लिहिताना भाषेचे भान ठेवावे. आजाराचे नाव आडवळणाने न घेता ‘स्तनाचा कर्करोग’ असेच लिहावे. ज्या संकोचामुळे अनेकजणी गाठ लागूनही महिनोन्‌महिने गप्प राहतात, तोच संकोच आपल्या पत्रात नसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना या आजाराचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार मृत्यू झाले; एकूण रुग्णांपैकी अर्धा ते एक टक्का पुरुष असतात. एवढी माहिती पत्रासाठी पुरेशी आहे. ‘तुमच्या देणगीने एक जीव वाचेल’ यासारखी विधाने करू नयेत, कारण ती सिद्ध करता येत नाहीत. ज्या मैत्रिणीसाठी किंवा नातेवाइकासाठी आपण चालत आहोत, तिचे नाव, छायाचित्र किंवा आजाराचा तपशील तिच्या परवानगीवाचून कोठेही देऊ नये. ‘तिने कर्करोगाला हरवले’ किंवा ‘ती झुंज हरली’ ही वाक्येही शक्यतो टाळावीत. उपचारांना दाद मिळणे न मिळणे हे रुग्णाच्या हिमतीवर ठरत नाही, आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले आहे त्यांना असे वाक्य खुपते.

सराव

सरावाला २४ आठवडे मिळाले तर उत्तम. रोज थोडेफार चालण्याची सवय असलेल्यांना १६ आठवडेही पुरतात. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी किंवा दीर्घकाळ चालू असलेले औषधोपचार असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आठवड्यातून तीन दिवस तासाभराचे चालणे, एक दिवस पोहणे किंवा सायकल यांसारखा पायांवर आघात न करणारा व्यायाम, दोन दिवस लांबचे चालणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, अशी ढोबळ आखणी ठेवावी. आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढवता साधारण दहा टक्क्यांनी वाढवावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा ते मुद्दाम कमी करावे. लांबचे दोन दिवस लागोपाठ ठेवणे मात्र अनिवार्य आहे. एका दिवसात ३० किलोमीटर चालणे आणि काल ३० किलोमीटर चाललेल्या पायांनी आज पुन्हा २५ चालणे, हे दोन निराळे अनुभव आहेत, आणि पदयात्रेत दुसराच अनुभव येतो. शेवटच्या दोन महिन्यांत असे जोडदिवस किमान तीन-चार वेळा व्हावेत. अखेरच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्याहून कमी करावे. त्या काळात पाय शिवशिवतात आणि सराव बुडतो आहे असे वाटते, तरीही मोह आवरावा.

वेगाचा हिशेब साधा आहे. दिवसाचे ३२ किलोमीटर ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने चालल्यास जवळजवळ साडेसहा तास लागतात आणि विसावे धरून आठ ते नऊ तास होतात. एवढा वेळ पायांवर राहण्याची सवय लावणे हेच सरावाचे खरे उद्दिष्ट असते.

महिन्यातून दोनदा तरी संपूर्ण गटाने एकत्र चालावे. गटाची गती सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीने ठरवावी आणि तिला पुढे चालू द्यावे. मागून येणाऱ्या माणसाला सतत पाठलाग करावा लागतो. बाकीचे थांबून ताजेतवाने होतात आणि तो पोहोचताच पुन्हा निघतात, त्यामुळे ज्याला विश्रांतीची गरज सर्वाधिक त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. उंच मैत्रिणीला मुद्दाम आखूड पावले टाकत दिवसभर चालणे त्रासाचे वाटत असेल, तर तिने काही टप्पे स्वतःच्या चालीने चालून पुढच्या विसाव्यावर थांबावे, आणि त्याचा कोणी राग मानू नये.

नडगीच्या हाडावर एकाच बिंदूला दाबल्यावर दुखत असेल, विश्रांतीतही वेदना होत असेल किंवा चाल लंगडी होत असेल, तर सराव थांबवून तपासणी करून घ्यावी. अतिताणाने हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे हे बहुधा तळपायाच्या पट्ट्याचा दाह झाल्याचे लक्षण असते आणि त्यावर वेळीच पोटरीचे व तळव्याचे ताणाचे व्यायाम सुरू केल्यास पदयात्रा वाचते.

बूट, मोजे आणि फोड

लांब चालताना पाय सुजतात. म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असे घ्यावेत. चालण्या-धावण्याच्या बुटांची गादी सुमारे ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसते, त्यामुळे सरावाचे बूट पदयात्रेपर्यंत टिकत नाहीत. पदयात्रेच्या पाच-सहा आठवडे आधी त्याच प्रकारचा दुसरा जोड घेऊन तो वापरून मुरवावा. जवळ दोन जोड असतील, तर ते दिवसाआड बदलता येतात.

घर्षण, ओल आणि उष्णता या तिघांच्या संगनमताने फोड येतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे वापरावेत आणि दुपारी जोड बदलावा. आमच्या पहिल्या पदयात्रेच्या आदल्या रात्री गटातील एका उत्साही मैत्रिणीने सर्वांसाठी एकसारखे गुलाबी मोजे आणले होते. ते सुती होते, आणि छायाचित्रासाठी आम्ही सहाही जणींनी ते घातले. पहिल्या १५ किलोमीटरमध्ये चौघींना फोड आले. छायाचित्र मात्र छान आले आहे.

पायावर एखाद्या ठिकाणी चुणचुण किंवा गरमपणा जाणवताच, पुढच्या विसाव्याची वाट न पाहता, तिथेच बसून त्या जागी चिकटपट्टी लावावी. ‘गटाला थांबवायला नको’ या भिडेपोटी सहन केलेला तो अर्धा तास पुढचे दोन दिवस महागात पडतो. फोड आलाच आणि तो दुखत नसेल, तर फोडू नये. ताण असह्य असेल, तर वैद्यकीय पथकाकडून निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढून घ्यावे, वरची त्वचा तशीच राहू द्यावी आणि त्यावर पट्टी लावावी. मांड्या, काखा आणि अंतर्वस्त्रांच्या शिवणी जिथे घासतात तिथे सकाळीच पेट्रोलियम जेली लावावी. पायाची नखे आठवडाभर आधी सरळ कापावीत.

उपचार घेतलेली मैत्रीण गटात असेल तर

अशा गटांत बहुधा एखादी तरी व्यक्ती स्वतः या आजारातून गेलेली असते, आणि तिच्याविषयी बाकीच्यांना फार थोडे माहीत असते. काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील किंवा तेथे किरणोपचार झाले असतील, तर त्या बाजूच्या हाताला लिम्फेडीमा, म्हणजे लसिका साचून येणारी सूज, होण्याची शक्यता राहते. त्या खांद्यावर पिशवीचा घट्ट पट्टा येऊ देऊ नये, उन्हाचे चटके आणि ओरखडे टाळावेत, आणि डॉक्टरांनी दाबाची बाही (सूज रोखण्यासाठी हातावर घालायची घट्ट बाही) सुचवली असेल तर ती वापरावी. लांब चालताना सर्वांचीच बोटे थोडी सुजतात आणि हात अधूनमधून वर धरल्याने, मुठी उघडझाप केल्याने ती सूज उतरते. मात्र सूज एकाच हाताला असेल, रात्रीही उतरत नसेल किंवा हात लाल व गरम झाला असेल, तर त्याच दिवशी वैद्यकीय पथकाला दाखवावे. याचा अर्थ तिने हात जपत बसावे असा होत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लिम्फेडीमा असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली वजने उचलण्याचा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवला, तेव्हा त्यांची सूज त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही.

काही केमोथेरपी औषधांमुळे तळपायांची संवेदना कमी होते आणि ती बराच काळ परतत नाही. अशा मैत्रिणीला फोड आल्याचे कळतच नाही, म्हणून तिने प्रत्येक विसाव्यावर मोजे काढून पाय डोळ्यांनी तपासावेत. संप्रेरकरोधक (हार्मोन रोखणाऱ्या) गोळ्यांमुळे सकाळी सांधे आखडत असतील, तर तिला निघण्यापूर्वी वीस मिनिटे सावकाश हालचालींसाठी हवी असतात. गटाने निघण्याची वेळ त्याप्रमाणे ठरवावी. बाकी तिला वाटेत काय बोलायचे ते तिलाच ठरवू द्यावे. आजाराविषयी बोलावेसे वाटले तर ती बोलेल. बहुतेक वेळा तिला इतरांप्रमाणेच पुढच्या विसाव्यावर खायला काय आहे यातच रस असतो.

प्रत्यक्ष चालताना

पहिल्या दिवशी सकाळी संगीत, गर्दी आणि टाळ्या यांच्या भरात सगळेच फार वेगाने निघतात. पहिला तास सरावातल्यापेक्षा सावकाश चालावे. प्रत्येक विसाव्यावर थांबावे, पण बसणे दहा मिनिटांच्या आत आवरावे, नाहीतर स्नायू आखडतात.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. भीतीपोटी सतत साधे पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि सावकाश चालणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांना घाम कमी येतो आणि पिण्यासाठी वेळ भरपूर मिळतो. मळमळ, डोकेदुखी, बोटे टम्म फुगणे आणि बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसल्यास आणखी पाणी न देता वैद्यकीय पथकाला बोलवावे. पाण्याबरोबर खारट पदार्थ खात राहावे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या चालताना डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. लांबच्या श्रमात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि दुखापतीची सूचनाही दडपतात.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी पाय धुऊन कोरडे करावेत, मग जेवावे आणि शक्य तितक्या लवकर झोपावे. तंबूतील जोड्या घोरण्याच्या सवयीप्रमाणे लावाव्यात आणि कानात घालायचे बोळे सर्वांनी न्यावेत. दुसऱ्या दिवसाचे कपडे व मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत, म्हणजे दव किंवा पाऊस आला तरी ते कोरडे राहतात.

दुसरी सकाळ सर्वांत वाईट असते. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पुढे जाणे अशक्य वाटते. त्यानंतर स्नायू सैलावतात. तसे न होता वेदना वाढतच गेली, तर थकलेल्यांना घेण्यासाठी मागून येणाऱ्या वाहनात बसावे. त्या वाहनात बसल्याने देणगी परत द्यावी लागत नाही, आणि देणगीदारांपैकी कोणीही किलोमीटर मोजत बसलेला नसतो. दुपारी गटात एखादी चिडचिड हमखास होते. ती बहुधा भुकेची असते, म्हणून वादाचे उत्तर देण्याआधी खाऊ पुढे करावा.

पदयात्रेनंतरच्या आठवड्यात रोज अर्धा तास सावकाश चालावे आणि काळवंडलेली नखे ओढून काढू नयेत. अनेक आयोजक देणग्यांसाठी काही आठवडे मुदत ठेवतात, तेव्हा आश्वासन मिळूनही न आलेल्या देणग्या याच काळात मिळवाव्यात, कंपन्यांचे जोडदेणगीचे अर्ज पूर्ण झाल्याची खात्री करावी, आणि प्रत्येक देणगीदाराला गटाचे एक छायाचित्र, चाललेले अंतर व जमलेली एकूण रक्कम कळवावी. वाहनात बसून गेलेला टप्पा असेल, तर तोही त्यात प्रांजळपणे लिहावा.